डाव्या हाताचा कोपरा

माझे आजोबा वादळात, जहाजावर जन्मले. जन्मल्याबरोबर रडले नाहीत, खलाशांवर ओरडले, "शिडं उतरवा!" म्हणून जहाज वाचलं. पुढे ते कप्तान झाले. एकदा बेट समजून देवमाशाच्या पाठीवर उतरले, चूल पेटवून चहा केला, आणि त्याला चटका बसला तेव्हा माफी मागून अर्धा कप त्यालाही दिला. आमच्या चर्चची घंटा त्यांनीच पाठीवर घेऊन मनोऱ्यावर चढवली. वर पोचल्यावर खालून फादर ओरडले, "अहो, ही आपली नव्हे, शेजारच्या गावची!" मग पुन्हा खाली.

हे मी आधी मुलांना सांगितलं, मग नातवंडांना. तीच गोष्ट पुन्हा तशीच सांगायची म्हणजे शिळं गरम करून वाढल्यासारखं वाटतं, म्हणून दर वेळी थोडी भर घातली. देवमासा सुरुवातीला बराच लहान होता.

माझ्या नातीला आम्ही घरात टाचणी म्हणतो. ती विमा कंपनीत कामाला आहे. लोक म्हणतात आमचं गोदाम जळालं, ही जाऊन बघते आणि सांगते, जळालं नाही, तुम्ही जाळलंत. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून विचारायची, "आजी, देवमाशाला कप धरायला हात कुठून आला?" तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

या टाचणीनं गेल्या वर्षी खोलीच्या भिंतीवर एक लांबलचक कागद चिकटवला आणि आमच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. कॉम्प्युटरवरून कुठकुठले चुलत-मावस शोधून काढले. मला म्हणायची, "आजी, तुझ्या आत्याचा पणतू बर्फाच्या देशात दात काढतो." म्हणजे डेंटिस्ट आहे. कागदाच्या सगळ्यात वर एक चौकोन रिकामा होता. तो माझ्या आजोबांचा, म्हणजे तिच्या खापरपणजोबांचा.

"आजी, त्यांची जन्मतारीख?"

"वादळाचा दिवस होता."

"कुठलं वादळ?"

"मोठं."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मी गवंड्याला सांगून ठेवलंय. त्यांच्या कबरीवर नावाची पाटी बसवायची. इतकी वर्षं तू फुलं नेतेस आणि दगडावर साधं नाव नाही. तारखा मिळाल्या की पाटी तयार. चर्चमध्ये जुन्या नोंदी असतात. उद्या जाऊ."

त्या कबरीचं मात्र मी कधी खोटं सांगितलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. मी दहाएक वर्षांची असताना आजोबा गेले. मला त्यांनीच वाढवलेलं. कब्रस्तानाच्या फाटकातून आत शिरलं की डावा हात, भिंतीचा कोपरा, साधा दगड, नाव नाही. नाव कोरून घेण्याइतकी आमच्या घरची ऐपत नव्हती. मग माझं लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी लांब गेले, आणि मुलं मोठी झाल्यावर परत आले. पहिल्याच दिवशी फुलं घेऊन गेले. फाटक, डावा हात, कोपरा. बघते तर दगड नवा, गुळगुळीत! मला वाटलं, भावानं बदलला. भावाला विचारलं तर तो हसला. तो कशालाही हसायचा. तेव्हापासून दर वर्षी त्यांच्या दिवशी मी जाते, दगड धुते, फुलं ठेवते. फुलांची जुडी निळ्या लोकरीनं बांधते. नवऱ्याच्या स्वेटरसाठी मी ढीगभर निळी लोकर आणली होती. तो म्हणाला, निळा घातला की मी पोस्टमन दिसतो. मग ती लोकर जन्मभर दोरीच्या कामाला लागली.

चर्चच्या कचेरीत एक कारकून बसतो. आम्ही त्याला मफलर म्हणतो, कारण तो उन्हाळ्यातही मफलर सोडत नाही. त्यानं कपाटातून जाडजूड वह्या काढल्या, त्यांच्यावरची धूळ मुद्दाम आमच्या बाजूला झटकली आणि म्हणाला, "पानं ओल्या बोटानं उलटायची नाहीत. आजीबाई, तुम्हाला सांगतोय."

टाचणीनं पान न् पान बघितलं. बाप्तिस्मा सापडला. याच चर्चमधला. समुद्र तिथून रेल्वेनंसुद्धा लांब. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मग लग्नाची नोंद सापडली. तिच्यात धंदा लिहिलेला. टाचणीनं मोठ्यानं वाचलं, "रंगारी."

मफलर म्हणाला, "हो, ही चर्चची आतली भिंत त्यांच्याच काळात रंगवलेली असणार. तेव्हापासून कुणी हात लावलेला दिसत नाही."

"आजी?" टाचणी म्हणाली.

"काय?"

"कप्तान?"

"अगं, शिडीवर चढले की त्यांना सगळं गाव दिसायचं. डोलकाठीवरून दिसतं तसं. खाली बादली धरणारा एक जण असायचा, त्याच्यावर ओरडायचे. कप्तान आणखी काय करतो?"

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझ्याकडे न बघता वहीत 'रंगारी' लिहून घेतलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मला वाटलं, चला, आज लाज वाटायची ती वाटून झाली. मला काय माहीत, ही नुसती चव बघायला दिली होती.

दफनाच्या नोंदीचा तिनं फोनमध्ये फोटो काढला. अक्षर किडामुंगीचं होतं, त्यात कबरीचा नंबर होता. मफलरनं विचारलं, "कबर माहीत आहे का, की शोधायची?"

"शोधायची कशाला? डोळे बांधून जाईन," मी म्हटलं. "फाटकातून आत, डावा हात, भिंतीचा कोपरा."

त्यानं पहिल्यांदा मफलर तोंडावरून खाली घेतला. "कोपऱ्यातली? बिननावाची? तिथं फुलं तुम्ही ठेवता?"

"दर वर्षी."

"निळी लोकर?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"उद्या किती वाजता येणार?" तो म्हणाला. मला वाटलं, पाण्याचा नळ सुरू करून ठेवणार असेल. भला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीनं मला फाटकाशी सोडलं आणि ती गवंड्याला न् कोरी पाटी आणायला गेली. मी फुलं घेऊन आत शिरले. आमच्या कबरीच्या कडेवर एक बाई बसलेली. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, कडक इस्त्रीचे कपडे, शेजारी थर्मास. मला बघून उभी राहिली. तिची नजर थेट माझ्या हातातल्या जुडीवर गेली.

"तुम्हीच ना?" तिनं विचारलं. आवाज इतका गोड आणि स्पष्ट की वाटलं, रेल्वे स्टेशनवर गाडीची घोषणा चाललीय. "मला कचेरीतल्या कारकुनांनी फोन केला. मी त्यांना कधीचं सांगून ठेवलं होतं, त्या बाई आल्या तर कळवा."

"मीच," मी म्हटलं. मला वाटलं, टाचणीनं शोधून काढलेल्यांपैकी ही कुणी. आमच्याच रक्ताची, कुठल्या तरी फांदीवरची.

"तुम्ही त्यांच्या..." ती अडखळली. "म्हणजे जवळच्या?"

"जवळच्या म्हणजे? अहो, मला त्यांनीच लहानाचं मोठं केलं."

तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "नाक तेच आहे."

"आमच्याकडे सगळ्यांचं तेच," मी खूश होऊन म्हटलं. "दारातून आधी नाक येतं, मग माणूस."

ती हसली आणि माझा हात धरून मला कडेवर बसवलं. "सांगा ना. कसे होते तुमच्याशी?"

आता मला कुणी 'सांगा ना' म्हटलं की मी थांबत नाही. मी सांगितलं. मला खांद्यावर बसवून ते बाजारभर हिंडायचे. संध्याकाळी येताना खिशातून रोज काहीतरी निघायचं, कधी लिमलेटची गोळी, कधी जिवंत बेडूक. मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसून गाणी म्हणत राहिले, शेवटी शेजारच्या कुत्र्यांनी सूर धरला. काम कितीही असो, संध्याकाळ माझी. यातला बेडूक खरा होता. खांदा एकदाच, आणि तोही गटार ओलांडायला. बाकी मी तिथल्या तिथं घडवलं. आणि तिचे डोळे भरून येताहेत हे बघितल्यावर मी दुपटीनं घडवलं.

ती रुमालात नाक शिंकरून म्हणाली, "आम्हाला कधी खांद्यावर घेतलं नाही हो. घरी यायचे ते दमून. जेवायचे, झोपायचे. दुकान बंद केल्यावर तासभर कुठेतरी जायचे आणि मग घरी यायचे. आई विचारायची, कुठे होतात? म्हणायचे, पाय मोकळे करत होतो. आता कळलं पाय कुठे मोकळे व्हायचे."

"दुकान?" मी म्हटलं.

"चष्म्याचं. तुम्हाला कधी नेलं नाही ना तिथं? कसं नेतील! तिथं आई बसायची." तिनं माझा हात थोपटला. "घाबरू नका. माझा राग कधीच गेलाय. मी त्यांची मुलगी. घरची. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या आहात, म्हणजे ते आईच्या आधीचं असणार. आधीच्याबद्दल माणसाला किती बोल लावायचा?"

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: म्हाताऱ्या, चष्म्याचं दुकान कधी काढलंस? मग हिशेब केला. माझे आजोबा गेले तेव्हा ही बाई जन्मायची होती. मी दगडाकडे बघितलं. गुळगुळीत, नवा. भावाचं ते हसणं आठवलं. ही कबर आमची नव्हतीच.

"बाबा गेल्यावर आईनं चांगला दगड आणला," ती सांगत होती. "नाव कोरायचं बाकी होतं. वर्षानं कोरणाऱ्याला घेऊन आलो, तर कबरीवर ताजी फुलं. निळ्या लोकरीनं बांधलेली. आई म्हणाली, पुरुष फुलं लोकरीनं बांधत नाहीत. कोरणाऱ्याला तिथूनच परत पाठवलं. म्हणाली, जिची फुलं येतात तिनंच नाव कोरून घ्यावं. घरी जाऊन तिनं घरातली सगळी लोकर चुलीत घातली. माझा अर्धा विणलेला स्वेटरसुद्धा. पुन्हा इथं आली नाही, मला येऊ दिलं नाही. ती मरत असताना फादर म्हणाले, नवऱ्याला क्षमा कर. तर भिंतीकडे तोंड फिरवलं."

मी तिथंच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, बाई, चूक झाली, मी दुसऱ्याच कुणाची कोण. पण तिच्या हातात माझा हात होता, ती रडत होती, आणि खरं सांगायचं तर गोष्ट रंगली होती. स्वतःच्या तोंडानं रंगलेल्या गोष्टीवर पाणी ओतायची मला सवयच नाही.

"चला," ती म्हणाली, "घर भिंतीपलीकडेच आहे. चहा घेऊ. घोटभर तरी. नाही म्हणू नका, ताई."

ताई! मी जुडी दगडावर ठेवली आणि गेले.

घर दोन खोल्यांचं. सगळं जिथल्या तिथं. टेबलावर काळा टेलिफोन, त्याच्यावर विणलेलं झाकण नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. "आई म्हणायची, पुरुषाचा भरवसा नाही," ती कपात साखर ढवळत म्हणाली. "मलाही वाटायचं, बाबांसारखा शांत माणूस असं करतो, तर मग बाकीच्यांचं काय?"

मी कप खाली ठेवला.

मग तिनं कपाटातून एक लाकडी पेटी काढली. चष्म्याचा नंबर काढायच्या काचा असतात ना, गोल, कडीच्या, त्यांची. आत मखमलीच्या खाचा. एका बाजूला उजव्या डोळ्याच्या, एका बाजूला डाव्या डोळ्याच्या. "बाबांचं एवढंच राहिलंय," ती म्हणाली. तिनं उजव्या बाजूच्या काचा एकेक करून काढल्या, स्वच्छ रुमालात बांधल्या आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"या तुमच्या. डाव्या मी ठेवते. वाटणी ती वाटणी."

"अहो, कशाला..."

"अहो काय म्हणता? अगं म्हणा. मला या वयात बहीण मिळतेय."

मी 'अगं' म्हटलं. होय, म्हटलं. आणि गाठोडं घेऊन बाहेर पडले. वाटेत त्या काचा रुमालात किणकिणत होत्या, आणि रस्त्यावरचं प्रत्येक माणूस वळून बघतंय असं मला वाटत होतं. कुणी बघत नव्हतं.

परत फाटकातून आत आले तर आमच्या कोपऱ्यात कुणी नाही. टाचणी आणि गवंडी पार समोरच्या टोकाला, तिरक्या कोपऱ्यात, कचऱ्यात उभे. सुकलेली फुलं, फुटक्या कुंड्या, मेणबत्त्यांची थोटकं, सगळे लोक तिथंच टाकतात. मीही.

"आजी, इकडे ये," टाचणीनं हाक मारली. "पाटी बसवायच्या आधी मी नंबर जुळवला. तुझ्या कोपऱ्यातला नंबर जुळत नाही. मी म्हटलं, नोंद चुकली असेल. मग या काकांनी भिंत दाखवली."

गवंड्यानं भिंतीवर थाप मारली. "इथं विटा वेगळ्या आहेत बघा. दोन खांब आहेत, मधलं नंतर बांधून काढलंय. जुनं फाटक इथं होतं. पलीकडे रस्ता रुंद केला तेव्हा फाटक तिकडच्या भिंतीत नेलं."

"तू लहानपणी इथून आत यायचीस," टाचणी म्हणाली. "इथून आत शिरलं की डावा हात म्हणजे हा कोपरा."

मी खांबांकडे बघितलं. डाव्या खांबाचा वरचा टवका उडालेला. आजोबांची शिडी नेताना आपटली होती. मी तेव्हा मागून चालत होते.

गवंड्यानं फावड्यानं कचरा बाजूला ओढला होता. खाली साधा खडबडीत दगड दिसत होता, नाव नसलेला. आणि त्याच्यावर कुजलेल्या पाल्यात निळे धागे. इतके निळे धागे! काही ताजे, काही विटून राखेसारखे झालेले. दर वर्षी नवी फुलं ठेवताना जुनी जुडी उचलून मी इथं आणून टाकायचे. नाक दाबून टाकायचे. एकदा तर नवऱ्याला म्हटलं होतं, या कोपऱ्यातल्या माणसाला वाली दिसत नाही, घाणीत पडलाय बिचारा.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या वयात कळलं, आणि तेही कब्रस्तानात.

गवंड्याचं फावडं घेऊन टाचणीनं स्वतः कचरा ओढायला सुरुवात केली. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या गाठोड्याकडे गेलं. "हे काय?"

मी सांगितलं. सगळं. बेडकापासून काचांपर्यंत.

"म्हणजे त्या बाईला अजून माहीत नाही?"

"नाही."

"आजी, तिच्या वडिलांचं नाव..."

"कळतंय गं मला!" मी ओरडले. "टोचू नकोस!"

"मी येऊ बरोबर?"

मला हो म्हणायचं होतं. ती बरोबर असती तर बोलायचं काम तिनंच केलं असतं. म्हणून नाही म्हटलं.

भिंतीपलीकडे जायला पाच मिनिटं लागत नाहीत. तेवढ्यात मी तीन गोष्टी तयार केल्या. पहिली, मी त्यांची मुलगी नव्हे, त्यांनी माझे डोळे वाचवले म्हणून फुलं ठेवायचे. दुसरी, मी नव्हे, माझी एक मैत्रीण होती, ती वारली. तिसरी तर अशी सुरेख होती की तिच्यात चष्मेवाला संत ठरत होता आणि मी नामानिराळी. तीनही गोष्टी आजोबांच्या देवमाशापेक्षा चांगल्या होत्या. दारापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या.

तिनं दार उघडलं. अजून कप धुवायचे होते, हात ओले होते. "काय राहिलं, ताई?" मग माझं तोंड बघून तिचा आवाज एकदम टेलिफोनमधला झाला. "बोला."

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि बोलले. फाटक इकडचं तिकडे गेलं. मी चुकीच्या कोपऱ्यात गेले. मला तुमचे वडील माहीत नाहीत. मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांची दुसरी कुणीही नव्हती, फुलं माझ्या आजोबांची होती.

तिनं ओले हात इस्त्रीच्या कपड्यांनाच पुसले.

"आणि खांदा?" तिनं विचारलं.

"माझ्या आजोबांचा. तोही एकदाच. गटार होतं."

"गाणी?"

"ती मी जुळवली."

"कधी?"

"तुम्ही ऐकत होतात तेव्हा."

"इथं चहा पीत होतात," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

या प्रश्नावर खोटं बोलायला माझ्याकडे जागा होती. टाचणी नव्हती, मफलर नव्हता.

"होतं," मी म्हटलं.

"अगं म्हणालात मला."



तिनं हात पुढे केला. मी गाठोडं दिलं. तिनं ते आत टेबलावर नेलं, पेटी उघडली, आणि एकेक काच पुसून आपापल्या खाचेत बसवत गेली. मला ना ये म्हणाली, ना जा. मी उंबऱ्याशी उभी. एक काच खाचेत बसेना. तिनं ती उलटी करून बघितली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. मी तिला कशी दिसले, देव जाणे.

"आई भिंतीकडे तोंड फिरवून गेली," ती म्हणाली. "निळ्या लोकरीपायी." मग ती काच खाचेत बसवत, "आणि ते संध्याकाळी कुठे जायचे, ते आता मला कळायचंच नाही."

"पाय मोकळे करत असतील हो."

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. पेटीचं झाकण लावलं आणि मग दार.

आजोबांची पाटी त्याच आठवड्यात बसली. टाचणीनं तिच्यावर नाव, तारखा आणि खाली 'रंगारी' असं कोरून घेतलं. मला विचारलं, आणखी काही घालायचं का? मी नको म्हटलं. तिनं दोनदा विचारलं. तिला वाटलं, मला बरं नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. दगड घासते. वर्षानुवर्षांचं मेण चिकटलंय, ते एकदम निघत नाही. कचरा टाकायला मफलरनं अजून दुसरी जागा दिलेली नाही. लोक सवयीनं सुकी फुलं घेऊन आमच्या कोपऱ्याकडे येतात, मला तिथं बसलेली बघतात आणि हातात फुलं घेऊन उभे राहतात. म्हणून मी घरून एक मोठी पिशवी नेते.

गेल्या रविवारी ती आली. बरोबर अक्षरं कोरणारा होता. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. तो समोरच्या कोपऱ्यात छिन्नी मारत राहिला, ती शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर तपासत होती. वडिलांचं आधी झालं. मला वाटलं, संपलं. पण छिन्नी थांबेना. खाली आईचं नावही कोरून घेत होती.

तो गेल्यावर तिनं कबरीवरचा जुना पाला गोळा केला. त्यात माझी त्या दिवशीची जुडी होती, सुकलेली. ती ओंजळ घेऊन सरळ आमच्या कोपऱ्याकडे चालत आली, निम्म्या वाटेत तिच्या लक्षात आलं, आणि तशीच थांबली.

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

ती जवळ आली. पाला आत टाकला. मग निळा धागा सोडवून बाजूला काढला, बोटाभोवती गुंडाळला. पाटीकडे बघून म्हणाली, "रंगारी खरंच होते, की हेही?"

"खरंच."

"आणि बेडूक? त्या दिवशी म्हणाला होतात, खिशात बेडूक."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! बेडूक गायचा, बेडूक चर्चला यायचा, फादरांनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

"बेडूक होता," मी म्हटलं. "लहान होता. दुसऱ्या दिवशी मेला."

तिनं मान हलवली आणि धागा बोटाला तसाच ठेवून फाटकाकडे गेली. मी पिशवीचं तोंड बांधलं आणि पुन्हा घासायला बसले.